चंद्रावरची गुहा: फलक आणि प्रश्नोत्तरांच्या कामाच्या नोंदी

16 जुलै 2024

काल 'नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी'मध्ये शोधनिबंध आला आणि आज सकाळपासून जिथे बघावं तिथे चंद्रावरची गुहा. फिरत्या खगोल प्रदर्शनातल्या चंद्राच्या भागात एक फलक अजून रिकामाच होता. तो या विषयाला द्यायचा, हे तासाभरात ठरलं. काम तिघांचं: मजकूर माझा, आकृती चित्रकार मैत्रिणीची, रडारचं गणित सहकारी तपासणार. सोबत एक छोटी प्रश्नोत्तरांची पुस्तिका. तिच्यात लोक ऑनलाइन जे विचारताहेत तेच प्रश्न घ्यायचे, आपल्या सोयीचे बनवायचे नाहीत.

निबंधात काय आहे ते आधी कोरडं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भाषेच्या ओघात काही फुगणार नाही. जागा शांतिसागर (मारे ट्रॅन्क्विलिटाटिस) या लाव्हाच्या सपाट मैदानातली, 8.3 अंश उत्तर आणि 33.2 अंश पूर्व. तिथे सुमारे 100 मीटर व्यासाचा, उभ्या कड्यांचा खड्डा आहे. खड्डा जुनाच, जपानच्या कागुया यानाच्या प्रतिमांमध्ये आधीच सापडलेला. नवं आहे ते त्याच्या पश्चिमेकडे तळातून आत जाणारं भुयार. पृष्ठभागाखाली 130 ते 170 मीटर खोल, 30 ते 80 मीटर लांब, साधारण 45 मीटर रुंद. ही मापं कॅमेऱ्याची नाहीत. नासाच्या, चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानावरच्या मिनी-आरएफ रडारने 2010 मध्ये टिपलेल्या प्रतिध्वनींवरून ती काढली आहेत. इटलीतल्या त्रेंतो विद्यापीठाचे लिओनार्दो कॅरेर आणि लोरेन्झो ब्रुझोने ही प्रमुख नावं. बरोबर फ्रान्चेस्को सौरो आहेत, जे भूवैज्ञानिक आहेतच, शिवाय गुहा धुंडाळणारा माणूस म्हणून ओळखले जातात.

30 ते 80 हा पल्ला बघून सहकारी खूश झाला. "पहिल्यांदा कुणीतरी आकड्याबरोबर त्याची ढिलाईसुद्धा छापलीय," म्हणाला. बातम्यांमध्ये ती ढिलाई दिसत नाही.

17 जुलै

प्रतिक्रिया वाचायला बसलो. ढोबळ चार जाती. थट्टा करणारे: आत कोण राहतं, खोली भाड्याने मिळेल का, सासरी निरोप पाठवा. संशय घेणारे: एवढी वर्षं का लपवलं. वैतागलेले: इथले प्रश्न सोडून तिकडे कशाला उकरताय. आणि चंद्र आतून पोकळ आहे हे आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं, असं सांगणारे. या चौथ्या जातीचा आत्मविश्वास बाकी तिघांच्या बेरजेपेक्षा मोठा.

सहकाऱ्याचं मत, थट्टा गाळून टाकू. मला ते पटत नाही. कुणीतरी सहज लिहिलंय की खड्ड्यात उडी मारली तर मजाच, चंद्रावर माणूस पिसासारखा तरंगत खाली जाईल. यात एक खरा गैरसमज आहे आणि तो फार लोकांचा आहे. गणित मांडलं: चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश, हवा शून्य. 100 मीटर खाली पोचायला सुमारे 11 सेकंद लागतील. तळाला टेकताना वेग ताशी 65 किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीवर पाच मजल्यांवरून पडल्याइतका मार. तरंगणं बिरंगणं काही नाही, फक्त पडायला वेळ जास्त लागतो. पुस्तिकेतला पहिला प्रश्न हाच घेतला.

18 जुलै

'चौदा वर्षं का लपवलं?' हा प्रश्न वरवर भांडखोर वाटतो, पण उत्तर लिहायला घेतलं तर सगळ्यात रंजक हाच निघाला. लपवलं काहीच नव्हतं. मिनी-आरएफची माहिती नासाच्या खुल्या संग्रहात कुणालाही मिळते. कमतरता होती ती वाचायच्या पद्धतीची. खड्ड्याच्या त्या बाजूला उजळपणा जास्त आहे, एवढं चित्र बघून कळतं. पण तो उजळपणा तळावरच्या दगडधोंड्यांचा, कड्याचा, की आतल्या पोकळीचा, हे ठरवायला त्या खड्ड्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकात उभी करून, तिच्यावर कृत्रिम रडार सोडून, निघालेलं चित्र खऱ्या चित्राशी ताडून बघावं लागलं. गुहा नसलेली प्रतिकृती जुळत नाही, गुहा असलेली जुळते. शोध लागला तो इथे.

एक गोष्ट फारशी कुणी सांगितलेली नाही: मिनी-आरएफचं प्रक्षेपक यंत्र डिसेंबर 2010 मध्येच बिघडलं. त्यानंतर स्वतः लहरी सोडून स्वतःच प्रतिध्वनी ऐकायचं काम त्याला जमेना. पुढची निरीक्षणं पृथ्वीवरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी लहरी पाठवायच्या आणि यानाने फक्त ऐकायच्या, अशी झाली. म्हणजे 2010 ची ती माहिती जुनी असली तरी मागाहून त्याच यंत्राने तशीच पुन्हा मिळवायची सोय राहिली नव्हती. हे फलकावर हवंच.

20 जुलै

अपोलो 11 उतरलं त्याला आज 55 वर्षं. साहजिकच आजचा प्रश्न: आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन शांतिसागरातच उतरले होते ना, मग त्यांना दिसला कसा नाही?

दोन्ही जागांचे अक्षांश-रेखांश घेऊन अंतर काढलं तर साधारण 375 किलोमीटर येतं, बातम्यांनी ते 400 केलंय. दोघे यानाबाहेर चालले ते जेमतेम अडीच तास आणि यानापासून फार तर साठेक मीटरपर्यंत. शांतिसागर नावाने एक असला तरी आकाराने शेकडो किलोमीटरचा आहे.

याच्याच पोटातला प्रश्न: पृथ्वीवरून दुर्बिणीने दिसेल का? नाही. इतक्या लांबून 100 मीटरचा खड्डा एका कोनीय सेकंदाच्या (म्हणजे अंशाच्या 3,600 व्या भागाच्या) विसाव्या भागाएवढा दिसतो. हबल दुर्बिणीच्या क्षमतेच्याही तो अगदी काठावर. म्हणूनच असले खड्डे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांच्या आधी कुणाच्या नजरेस पडले नाहीत. पहिला सापडला 2009 मध्ये, मारियस टेकड्यांच्या भागात, कागुयाच्या प्रतिमांत, जुनिची हारुयामा यांच्या गटाला. आज ज्ञात खड्ड्यांची संख्या 200 च्या वर आहे. बहुतेक मात्र लहान आहेत आणि उल्कापाताने वितळून थिजलेल्या खडकातले आहेत. लाव्हाच्या सपाट मैदानातले, खोल आणि उभ्या कड्यांचे मोजकेच.

22 जुलै

आकृतीवरून वाद. चित्रकार मैत्रिणीने उभा छेद काढून आणला: वर राखाडी मैदान, मधे खड्डा, तळाशी भुयार, आणि भुयार पुढे वळत वळत पानाच्या कडेपर्यंत गेलेलं. आत घुमट, दिवे, दोन माणसं. चित्र देखणं आहे यात शंका नाही. ऑनलाइन फिरणारी बहुतेक चित्रं याच घाटाची आहेत.

मी म्हटलं, "80 मीटरच्या पुढचं तू कुठून आणलंस?"

ती म्हणाली, "आणि तू 80 मीटर तरी कुठून आणलेस? तुझ्या निबंधात 30 ते 80 आहे."

मुद्दा बिनतोड. भुयार एका जागी ठळक तोडावं तर ते खोटं, कारण रडारला तिथे भिंत दिसली असं कुणीच म्हटलेलं नाही. पुढे ओढत न्यावं तर तेही खोटं. भुयाराचा उतार किती, हेसुद्धा पक्कं नाही. सपाट असू शकेल किंवा 45 अंशांपर्यंत खाली उतरत जाणारं. तासभर चर्चा, निर्णय नाही. तिने घुमट आणि माणसं मात्र आपणहून पुसली.

24 जुलै

सहकाऱ्याने रडारची बाजू समजावून सांगितली, त्यातलं फलकासाठी उतरवून घेतो.

मिनी-आरएफ खाली सरळ नाही, तिरकं बघतं. तिरप्या लहरी खड्ड्याच्या तोंडातून आत शिरतात, तळावर आणि पलीकडच्या बाजूला पोचतात, तिथे पोकळी असेल तर थोड्या तिच्यातही जातात, आणि त्यातल्या काही आल्या वाटेने परततात. रडारला कळतो तो फक्त परतायला लागलेला वेळ आणि परतलेल्याची ताकद. जितकी खोल जागा, तितका उशीर. त्यामुळे रडारच्या चित्रात खोलवरच्या वस्तू आपल्या खऱ्या जागेवरून सरकलेल्या दिसतात. कुठला ठिपका कुठल्या खोलीचा, हे उलगडणं हेच सगळं कौशल्य.

आणि ठिपके किती मोठे? बारीक पद्धतीतसुद्धा एका ठिपक्यात 15 गुणिले 30 मीटर जमीन मावते. म्हणजे 100 मीटरचा खड्डा अख्खा मिळून मूठभर ठिपके. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? या माहितीतून गुहेच्या भिंतीचा पोत, छताचा आकार, आत पडलेले दगड असलं काही निघूच शकत नाही. निघालं ते एवढंच: इथे पोकळी मानल्याशिवाय हा उजळपणा जमून येत नाही, आणि ती पोकळी अमुक ते अमुक एवढी असावी.

मला हे ऐकून निबंध उलट जास्त आवडला. इतक्या थोडक्या ऐवजातून एवढं पिळून काढायला धाडस लागतं, आणि त्यापुढे न जायला संयम.

कॅमेऱ्याची साक्ष वेगळी आहे, तीही जोडली. हा खड्डा विषुववृत्ताजवळ असल्याने दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि तळ उजळतो. एलआरओने यान कलतं करून घेतलेल्या तिरप्या प्रतिमांत कड्याखाली निदान 20 मीटर आत जाणारी जागा दिसली होती. ती छज्ज्याखालची वळचण आहे की खऱ्या भुयाराचं तोंड, एवढंच तेव्हा ठरत नव्हतं.

26 जुलै

पोकळ चंद्र. टाळता येईना, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

मूळ बहुतेक वेळा एकच सांगितलं जातं: अपोलो 12 च्या वेळी चंद्र घंटेसारखा वाजला. झालं होतं असं. 20 नोव्हेंबर 1969 रोजी अंतराळवीर मुख्य यानात परतल्यावर त्यांनी चांद्रयानाचा वापरून झालेला वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आदळवला, कारण पृष्ठभागावर नुकताच ठेवलेला कंपमापक तपासायचा होता. कंपनं जवळपास तासभर टिकली. पृथ्वीवर इतक्याशा धडकेची कंपनं मिनिटभरात विरतात. पण पृथ्वीचे खडक पाण्याने भिजलेले, कंपनं गिळणारे. चंद्राचा वरचा थर अब्जावधी वर्षांच्या माऱ्याने भेगाळलेला आणि ठणठणीत कोरडा. लहरी त्यात इकडून तिकडे आपटत राहतात, शोषणारं काही नाही. घंटेची उपमा शास्त्रज्ञांनीच वापरली आणि मग ती त्यांच्याच गळ्यात पडली. पुढच्याच वर्षी चंद्र हे पोकळ कृत्रिम यान असल्याची कल्पना दोन सोव्हिएत लेखकांनी मासिकात मांडली, ती अजून फिरतेच आहे.

खंडन करायला चंद्राची सरासरी घनता पुरते: 3.34 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. वरच्या कवचाच्या खडकाहून जास्त. आत पोकळी असती तर हा आकडा कवचाहून कमी यायला हवा. दुसरा पुरावा चंद्राच्या फिरण्यातून मिळतो. वस्तुमान आत कसं वाटलं गेलंय हे सांगणारा जडत्वाचा गुणांक सारख्या घनतेच्या भरीव गोळ्यासाठी 0.4 असतो, पोकळ कवचासाठी 0.67. चंद्राचा 0.393. म्हणजे भरीव, आणि केंद्राकडे किंचित जास्त जड.

100 मीटरचा खड्डा आणि 3,474 किलोमीटर व्यासाचा चंद्र, हे प्रमाणही शेजारी छापायचं. ते बघून वाद मिटेल असं नाही, पण फलकासमोर उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलाला पुरेल.

29 जुलै

आज राहण्याबद्दलचे प्रश्न. इथे लोकांचा उत्साह आणि वस्तुस्थिती एकमेकांच्या बऱ्याच जवळ आहेत, म्हणून भरभर झालं.

तापमान: विषुववृत्ताजवळ पृष्ठभाग दुपारी 127 अंश सेल्सियसवर जातो, रात्री उणे 173 वर. 2022 मध्ये याच खड्ड्याचा अभ्यास झाला, एलआरओच्या, तापमान मोजणाऱ्या डिव्हायनर उपकरणाच्या मोजमापांवर आणि संगणकीय प्रतिरूपांवर आधारलेला. त्यानुसार सावलीतल्या भागात तापमान 17 अंशांच्या आसपास टिकून राहतं. '17 अंश' हा आकडा सगळ्यांना अतिशय आवडलेला दिसतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र कुणी उचलत नाही: खड्ड्याच्या तळावर जिथे थेट ऊन पडतं, तिथे दुपारी 149 अंशांपर्यंत, म्हणजे बाहेरच्यापेक्षाही जास्त. दोन्ही छापतोय.

किरणोत्सार: चीनच्या चांग'अ-4 यानाने पृष्ठभागावर मोजलेली मात्रा दिवसाला सुमारे 1,369 मायक्रोसिव्हर्ट, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या मात्रेच्या अडीचपटीहून थोडी जास्त. काही मीटर खडक डोक्यावर आला की यातलं बरंचसं अडतं. सूक्ष्म उल्काही अडतात.

आणि अडचणी: आत ऊन नाही म्हणजे सौरवीज नाही. खडकातून रेडिओ संदेश जात नाहीत. उतरायचं तर शंभर मीटरच्या कड्यावरून, ज्याच्या कडेची भुसभुशीत माती कधी सुटेल नेम नाही. छत किती भक्कम, ते आत जाऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही. या कामासाठी युरोपीय अंतराळ संस्थेने तपासलेली एक कल्पना मला आवडते, वुर्झबुर्ग विद्यापीठाची 'डेडलस': अर्धा मीटरही व्यास नसलेला पारदर्शक गोळा क्रेनने दोरीवरून खाली सोडायचा, तो चहूकडे लेसरने मोजत उतरणार, तळाला टेकल्यावर दोरी सोडून स्वतः गडगडत पुढे जाणार. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचा 'मून डायव्हर' प्रस्ताव तर याच खड्ड्यासाठी होता: दोन चाकांची गाडी, मागे दोर, सरळ कडा उतरायची. दोन्ही कागदावर. सध्या माणसं पाठवायची आखणी आहे ती दक्षिण ध्रुवाकडे, आणि तो इथून जवळजवळ 3,000 किलोमीटरवर.

1 ऑगस्ट

'ही गुहा 2017 मध्ये सापडली नव्हती का?' ज्याने विचारलं त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे. तेव्हा बातमी होती मारियस टेकड्यांची, पार चंद्राच्या पश्चिम भागातली. कागुयाचं जमिनीत शिरणारं रडार, 5 मेगाहर्ट्झच्या लांब लहरींचं, त्याला खाली दुहेरी प्रतिध्वनी मिळाले होते. आणि चंद्राचं गुरुत्व मोजणाऱ्या नासाच्या ग्रेल यानांच्या मोजणीत तिथेच गुरुत्व किंचित कमी भरलं होतं. दोन्ही खुणा लाव्हा नळीच्या, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या बोगद्याच्या, पण त्या पोकळीत खड्ड्यातून शिरता येतं का, याचं उत्तर त्यात नव्हतं. आत्ताच्या निबंधाचं वेगळेपण तेवढंच आणि तेच मोठं: खड्ड्याला जोडलेलं भुयार.

'चंद्रयानाने काय केलं?' हाही प्रश्न भरपूर. चंद्रयान-1 च्या कॅमेऱ्याच्या प्रतिमांवरून इस्रोच्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये वादळांच्या महासागरात (ओशनस प्रोसेलॅरम) न ढासळलेली लाव्हा नळी असल्याचं 'करंट सायन्स'मध्ये मांडलं होतं, आणि मथळ्यातच माणसाच्या वस्तीसाठी जागा असा उल्लेख होता. चंद्रयान-2 चं परिभ्रमक यान अजून फिरतंय, त्यावर दोन वेगवेगळ्या तरंगलांबींचं रडार आहे. एवढंच लिहिलं. शर्यतीचा सूर लावायचा नाही.

लाव्हा नळी कशी बनते याचा परिच्छेदही आज संपवला. पातळ बेसाल्टचा प्रवाह वरून थिजतो, आतून वाहत राहतो, उगम आटला की आतला लाव्हा निघून जातो, बोगदा उरतो. पुढे कधीतरी छताचा तुकडा कोसळला की वरून खड्डा दिसतो. पृथ्वीवर हवाई बेटावरची काझुमुरा गुहा अशीच, 65 किलोमीटरहून लांब. चंद्रावर गुरुत्व कमी असल्यामुळे छतावरचा ताण कमी, म्हणून 2015 च्या एका गणिताप्रमाणे तिथे काही किलोमीटर रुंदीची नळीसुद्धा टिकून राहू शकते. टिकू शकते, सापडलेली नाही. चित्रकाराचं भुयार पानाच्या कडेपर्यंत गेलं ते याच वाक्याच्या जोरावर, हे आज कळलं.

5 ऑगस्ट

आकृतीचा तोडगा निघाला, तिनेच काढला. खड्डा सलग रेषेत, कारण तो कॅमेऱ्याने पाहिलाय. भुयाराचे पहिले 30 मीटर बारीक सलग रेषेत. 30 ते 80 तुटक रेषेत. उताराच्या दोन्ही शक्यता एकावर एक, फिक्या. 80 च्या पुढे काहीच नाही, कोरा कागद. आणि बाजूला मापपट्टी.

विषयाशी संबंध नसलेल्या काहीजणांना कच्ची प्रत दाखवली. चंद्राचं चित्र अर्धवट का सोडलंय, असं जवळपास प्रत्येकाने विचारलं, आणि ते विचारता विचारता बोट त्या तुटक रेषेवर ठेवलं. सहकारी शेजारीच होता, त्याने रडार समजावून सांगितलं, लोक थांबून ऐकत राहिले. आधीच्या घुमटवाल्या चित्रापुढे 'वा, मस्त' म्हणून माणसं पुढे सरकायची.

एका आजींनी विचारलं, मग पुढे काय आहे ते बघणार कसं? पुस्तिकेत हा प्रश्न नव्हता, घातला. उत्तर: एकतर आत यंत्र पाठवून, नाहीतर वरूनच, खोलवर शिरणाऱ्या लांब लहरींचं, बारीक बघणारं रडार चंद्राभोवती फिरवून.

9 ऑगस्ट

पुस्तिकेच्या शेवटी एक पान मोकळं राहिलं होतं. तिथे 1835 चा प्रसंग दिला: न्यूयॉर्कच्या 'सन' वृत्तपत्राने खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना दुर्बिणीतून चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याची मालिका छापली, लोकांनी ती चवीने वाचली, आणि दूर दक्षिण आफ्रिकेत बसलेल्या हर्शेलना पत्ताच नव्हता. शेजारी 2021 ची चिनी युतु-2 गाडीची 'गूढ झोपडी': क्षितिजावर चौकोनी ठिपका दिसला, जगभर तर्क चालले, काही आठवड्यांनी जवळ जाऊन पाहिलं तर लहानसा दगड. दोन्हीकडे बघणाऱ्यांपाशी ठिपके थोडे होते आणि चित्र मोठं. भाष्य न करता दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत.

फलकाचा मथळा 'चंद्रावर गुहा: रडारने काय पाहिलं, काय नाही'. सहकाऱ्याने आकडे पुन्हा ताडले, 375 किलोमीटरपुढे 'सुमारे' घालायला लावलं. चित्रकाराने तुटक रेषेची जाडी छपाईत हरवू नये म्हणून वाढवली. फाइल छपाईला गेली. नवीन रडार निरीक्षणं आली तर आकृतीचा उजवा भाग वेगळ्या पट्टीवर छापलाय, तेवढाच बदलता येईल.